कॉपी-पेस्टमागचा करार

संगणक शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच शिकवली जाणारी आणि पुढे आयुष्यभर जिच्याविषयी कोणी फारसे प्रश्न विचारत नाही अशी कृती म्हणजे कॉपी-पेस्ट. माऊसने मजकूर निवडायचा, कॉपीची आज्ञा द्यायची आणि हव्या त्या ठिकाणी जाऊन पेस्ट करायचे, एवढ्यात तिचे वर्णन आटोपते. या वर्णनाच्या मुळाशी एक समजूत असते: संगणकात क्लिपबोर्ड नावाचा एक अदृश्य कप्पा आहे, कॉपी करताना मजकूर त्या कप्प्यात जातो आणि पेस्ट करताना तो जसाच्या तसा बाहेर येतो. याच समजुतीतून पुढे असेही मानले जाते की ही कृती निखळ यांत्रिक आहे, तिच्यात निर्णय असा कुठलाच नसतो आणि म्हणून तिच्याविषयी विचार करण्याजोगेही काही नाही.

या दोन्ही समजुती वरवरच्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. माऊसने केलेली कॉपी-पेस्ट हा दोन स्वतंत्र प्रोग्रॅममधला करार असतो. पहिला प्रोग्रॅम मजकूर पुरवण्याची तयारी जाहीर करतो, दुसरा प्रोग्रॅम आपल्याला पेलेल अशा रूपात तो मागतो आणि प्रत्यक्षात काय पेस्ट होणार हे त्या मागणीच्या वेळी ठरते. हा करार माणसांनी विशिष्ट काळात, विशिष्ट हेतूने रचलेला असल्यामुळे त्याच्या अटी तपासता येतात आणि बदलताही येतात. हे प्रतिपादन पुढे चार टप्प्यांत मांडले आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून लिनक्स आणि युनिक्स परंपरेतील संगणकांवर दीर्घकाळ वापरात असलेली एक्स विंडो सिस्टिम घेतली आहे, कारण इतर यंत्रणांत झाकलेला हा करार तेथे उघडपणे दिसतो.

१. निवड: आधी कर्म, मग क्रियापद

माऊसला मजकूर कळत नाही. तो फक्त दोन गोष्टी कळवतो: आपण किती सरकलो आणि कोणते बटण दाबले वा सोडले गेले. पडद्यावरच्या बाणाचे स्थान त्यावरून ठरते, ते स्थान ज्या विंडोत पडते त्या विंडोच्या प्रोग्रॅमला निरोप जातो, आणि त्या स्थानी कोणत्या ओळीतील कोणते अक्षर आहे याचा हिशेब तो प्रोग्रॅम स्वतः करतो. बटण दाबले ते निवडीचे एक टोक, ओढत नेऊन सोडले ते दुसरे टोक. मधला भाग रंगवून दाखवायचे कामही त्या प्रोग्रॅमचेच. म्हणजे निवडलेला मजकूर निवडीच्या क्षणी ज्या प्रोग्रॅममध्ये आहे तेथेच असतो आणि संगणकाच्या उर्वरित यंत्रणेला त्याचा पत्ताही नसतो.

निवड आधी आणि आज्ञा नंतर, हा क्रम आज स्वयंसिद्ध वाटत असला तरी तो विचारपूर्वक आणलेला आहे. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये माऊस घडवला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा माऊसने पडद्यावरील मजकुराकडे निर्देश करता येतो हे सिद्ध झाले. परंतु त्या पिढीतील संपादन-प्रणाली अवस्थांवर चालत असत. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे आणि दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा ठरे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोन्यी यांनी १९७४ साली तयार केलेला ब्राव्हो हा अत्यंत प्रगत संपादक होता, पण त्यातही अवस्था होत्या. आज्ञेच्या अवस्थेत असल्याचे विसरून कोणी ‘एडिट’ या इंग्रजी शब्दाची चार अक्षरे टंकली, तर पहिल्या अक्षराने संपूर्ण मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने तो पुसला जाई, तिसऱ्याने भर घालण्याची अवस्था सुरू होई आणि चौथे अक्षर तेवढे कागदपत्रात उरे.

त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्सच्या मालकीच्या जिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तक-प्रकाशन संस्थेसाठी जिप्सी हा संपादक १९७०च्या दशकाच्या मध्यावर तयार केला, तेव्हा त्यांनी या अवस्थाच काढून टाकल्या. माऊस मजकुरावरून ओढून आधी निवड करायची, मग कट, कॉपी किंवा पेस्ट यांपैकी एक कळ दाबायची, आणि एरवी प्रत्येक कळीने अक्षरच उमटायचे, अशी त्यांची रचना होती. पुढे टेस्लर अ‍ॅपल कंपनीत गेले आणि १९८३ सालच्या लिसा व १९८४ सालच्या मॅकिन्टॉश या संगणकांद्वारे ही पद्धत सर्वदूर पसरली. या बदलाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. आज्ञा आधी द्यावी लागते तेव्हा माणसाला यंत्राची अवस्था लक्षात ठेवावी लागते. कर्म आधी दाखवता येते तेव्हा यंत्राला माणसाच्या बोटाकडे पाहत थांबावे लागते. थांबण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

२. घोषणा: कॉपी करताना मजकूर हलत नाही

कॉपीची आज्ञा दिल्यावर नेमके काय घडते, याचे उत्तर एक्स विंडो सिस्टिममध्ये अनपेक्षित आहे. ही प्रणाली १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सुरू झाली आणि तिची एक्स११ ही आवृत्ती १९८७ साली आली. तिच्यात पडदा, माऊस आणि कळफलक सांभाळणारा एक मध्यवर्ती प्रोग्रॅम असतो, त्याला सर्व्हर म्हणतात; इतर सर्व प्रोग्रॅम त्याचे ग्राहक असतात. एखाद्या ग्राहकात मजकूर निवडला की तो सर्व्हरला एवढेच कळवतो की अमुक नावाच्या निवडीचा मालक आता मी आहे. सर्व्हर त्या नावापुढे नव्या मालकाच्या विंडोची नोंद करतो आणि आधीच्या मालकाला त्याची मालकी संपल्याचे कळवतो. दोघांनी जवळपास एकाच वेळी दावा केला तर कोणाचा दावा नंतरचा, हे दाव्यासोबत दिलेल्या वेळेवरून ठरते. या सगळ्या व्यवहारात मजकुराचे एकही अक्षर सर्व्हरकडे जात नाही.

एक्समध्ये अशा निवडींची नावे एकाहून अधिक असतात आणि त्यांतील दोन रोजच्या वापराची आहेत. पहिली प्रायमरी, माऊसने मजकूर नुसता निवडला की तिची मालकी आपोआप बदलते आणि माऊसचे मधले बटण दाबले की बाणाच्या जागी तिच्यातील मजकूर उमटतो. दुसरी क्लिपबोर्ड, तिची मालकी कॉपी किंवा कटची आज्ञा स्पष्टपणे दिल्यावरच बदलते आणि तिच्यातील मजकूर पेस्टच्या आज्ञेने येतो. दोन्ही एकमेकींपासून स्वतंत्र असल्यामुळे एकाच वेळी दोन वेगळे मजकूर हाताशी ठेवता येतात. क्षणिक निर्देश आणि हेतुपूर्वक घेतलेली प्रत या माणसाच्या दोन वेगळ्या इच्छा आहेत, हे या रचनेने ओळखले आहे.

मालक प्रोग्रॅम बंद केला तर काय होते, यातून या रचनेचे स्वरूप निःसंदिग्ध होते. मजकूर अन्यत्र कोठेही गेलेला नसल्यामुळे मालकाबरोबर तोही नाहीसा होतो आणि पेस्टची आज्ञा निष्फळ ठरते. कप्प्याची समजूत बाळगणाऱ्याला हा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात वचन देणाराच उरला नाही म्हणून वचन पाळले गेले नाही, इतकाच त्याचा अर्थ असतो.

३. मागणी: पेस्ट म्हणजे वाटाघाट

मजकुराची देवाणघेवाण सुरू होते ती पेस्ट करताना. पेस्ट करणारा प्रोग्रॅम सर्व्हरमार्फत मालकाला आधी विचारतो की हा मजकूर कोणकोणत्या रूपांत देता येईल. मालक यादी पाठवतो: साधा युनिकोड मजकूर, मांडणीसह वेबपानाचा मजकूर, चित्र, फाइलींचे पत्ते, यांपैकी जे त्याला जमते ते. मागणारा त्या यादीतून आपल्याला सर्वांत उपयुक्त रूप निवडून त्याची रीतसर मागणी करतो, मालक त्या रूपात मजकूर तयार करून मागणाऱ्याच्या विंडोशी जोडलेल्या एका ठरावीक जागी ठेवतो आणि काम झाल्याचा निरोप देतो. मजकूर फार मोठा असेल तर तो तुकड्यातुकड्यांनी पोचवण्याची वेगळी रीत आहे. ही सारी शिस्त ग्राहकांच्या परस्पर-व्यवहारासाठी लिहिलेल्या एका जाहीर संकेतसंहितेत नोंदलेली आहे आणि ती पाळणे हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या सौजन्यावर अवलंबून आहे. सर्व्हर निरोप पोचवतो, पण मजकुराचे रूप योग्य की अयोग्य याचा निवाडा करत नाही.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एकाच वेबपानावरून एकदाच कॉपी केलेला परिच्छेद लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ठळक अक्षरे, दुवे आणि तक्त्यांसह येतो, आणि साध्या मजकूर-संपादकात नुसती अक्षरे म्हणून येतो. कॉपी एक असूनही पेस्ट दोन झाल्या, कारण मागण्या दोन होत्या. म्हणून ‘कॉपी केले तेच पेस्ट झाले’ हे विधान सैल आहे. पेस्ट होते ते देणाऱ्याच्या क्षमतेत आणि घेणाऱ्याच्या आकलनात जेवढे सामाईक असेल तेवढेच.

४. देवनागरीची साक्ष

या निष्कर्षाची सर्वांत कठोर परीक्षा मराठी मजकुराने घेतली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान असले तरी महाराष्ट्रातील छपाई आणि डीटीपीचे काम दीर्घकाळ अशा फॉन्टांवर चालले, ज्यांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. काना, वेलांटी, अर्धे अक्षर अशा प्रत्येक आकाराला एखाद्या रोमन अक्षराचा वा चिन्हाचा क्रमांक दिलेला असे. अशा फाइलीतील मजकूर माऊसने निवडून कॉपी केला आणि तोच फॉन्ट ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मांडणीसह पेस्ट केला, तर मराठी दिसते. साध्या मजकुराच्या रूपात पेस्ट केला, तर रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन रांग उमटते. कप्प्याच्या समजुतीने याचा उलगडा होत नाही. कराराच्या दृष्टीने तो सरळ आहे: देणाऱ्याने क्रमांक दिले, आकारांचा अर्थ फॉन्टच्या नावात होता, आणि साधा मजकूर मागणाऱ्याने फॉन्टचे नाव मागितलेच नव्हते.

पीडीएफ फाइलीतून मराठी कॉपी करताना हीच अडचण वेगळ्या रीतीने येते. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण कागदावर ती व्यंजनाच्या आधी काढली जाते. पीडीएफ हे मुख्यतः कोठे कोणता आकार काढायचा याचे वर्णन असल्यामुळे, आकारांवरून मूळ अक्षरे शोधण्याची माहिती तिच्यात नीट भरलेली नसेल, तर ‘विचार’ या शब्दातील वेलांटी पेस्ट करताना ‘व’च्या आधी येऊन पडते आणि जोडाक्षरांचे तुकडे होतात. डोळ्यांना मजकूर निर्दोष दिसत असतो आणि तरीही त्याची प्रत सदोष निघते.

निवडीच्या पातळीवरही देवनागरी हेच सिद्ध करते. ‘क्षि’ हे वाचकाच्या दृष्टीने एक अक्षर असले तरी युनिकोडमध्ये ते क, हलन्त-चिन्ह, ष आणि ऱ्हस्व वेलांटी अशा चार घटकांचे असते. माऊसने निवड करताना बहुतेक प्रोग्रॅम या चार घटकांच्या मध्ये कर्सर थांबू देत नाहीत, पण त्याच अक्षरानंतर बॅकस्पेस दाबली तर अनेक ठिकाणी फक्त वेलांटी जाते. अक्षराची सीमा कोठे आहे हा भाषेचा प्रश्न प्रोग्रॅमला प्रत्येक क्लिकच्या वेळी सोडवावा लागतो. म्हणजे ज्या कृतीला निखळ यांत्रिक म्हटले जाते तिच्या पहिल्याच पायरीवर लिपीविषयीचा एक निर्णय दडलेला असतो.

संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे विवेचन एक्सपुरते खरे असेल, पण विंडोजमध्ये प्रोग्रॅम बंद केल्यावरही कॉपी केलेला मजकूर टिकतो, तेव्हा तेथे कप्पा आहेच. विंडोजमध्ये मजकूर यंत्रणेच्या ताब्यात जाऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि तेथेही कॉपी करणारा प्रोग्रॅम एकच मजकूर अनेक रूपांत, सर्वांत तपशीलवार रूप आधी अशा क्रमाने मांडतो आणि पेस्ट करणारा त्यांतून निवड करतो. शिवाय एखादे रूप प्रत्यक्षात तयार न करता, मागणी आल्यास तयार करून देऊ, एवढेच सांगून ठेवण्याची सोयही तेथे आहे. असे वचन देऊन ठेवलेला प्रोग्रॅम बंद होऊ लागला की त्याने राहिलेली सर्व रूपे जाण्यापूर्वी तयार करून द्यावीत, असे यंत्रणा त्याला सांगते. म्हणजे तेथील कप्पा हा कराराला पर्याय नसून वचनाची मुदत वाढवण्याचा उपाय आहे. लिनक्सवर हेच काम क्लिपबोर्ड-व्यवस्थापक करतात. ते मजकूर मागून घेतात आणि मूळ मालक गेल्यावर स्वतः मालक होतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: वापरणाऱ्याला हे सर्व माहीत असण्याची गरज काय? चांगले साधन आपले अंतरंग झाकते हे खरे आहे, पण ज्या समजुतीमुळे माणूस धोक्यात येतो ती समजूत झाकून ठेवणे हा साधनाचा गुण नव्हे. एक्समध्ये त्या पडद्यावर चालणारा कोणताही प्रोग्रॅम निवडीची मागणी करू शकतो; कॉपी केलेला पासवर्ड त्यामुळे अनोळखी प्रोग्रॅमच्याही हाती लागू शकतो. एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँड या नव्या व्यवस्थेत सामान्यतः ज्या विंडोवर वापरणाऱ्याचे लक्ष केंद्रित आहे तिलाच कॉपी केलेल्या मजकुराची माहिती दिली जाते, ती याच कारणासाठी. तसेच वेबपान कॉपीच्या वेळी मजकूर बदलू शकते, डोळ्यांना न दिसणारी अक्षरे त्यात मिसळू शकते, आणि असा मजकूर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या विंडोत, पेस्ट केला तर त्यातील आज्ञा तत्काळ अमलातही येऊ शकते. म्हणूनच अनेक टर्मिनल पेस्ट केलेल्या मजकुराभोवती खुणा घालून तो टंकलेल्या मजकुरापासून वेगळा ठेवतात. दिसते तेच कॉपी होते, असे मानणाऱ्याला या सावधगिरीचा अर्थच कळणार नाही.

तिसरा आक्षेप असा की मधल्या बटणाने होणारी पेस्ट ही जुन्या काळाची विक्षिप्त सवय आहे आणि तिने नवख्यांचा गोंधळ उडतो. चाक हेच मधले बटण असल्यास ते फिरवताना चुकून मजकूर उमटणे किंवा पेस्ट करण्यापूर्वी दुसरे काही निवडताच आधीची निवड हातची जाणे, हे तिचे खरे तोटे आहेत. परंतु तोट्यांवरून तिच्या मागचे तत्त्व चुकीचे ठरत नाही. निर्देश आणि जतन या दोन इच्छा एकाच कप्प्यात कोंबल्या की, एक शब्द हलवण्यासाठी केलेली घाईची कॉपी मघाशी जपून घेतलेली प्रत पुसून टाकते. विंडोजने २०१८ साली क्लिपबोर्डचा इतिहास ठेवण्याची सोय आणली, ती एकाच जागेचे हे अपुरेपण मान्य करूनच.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. कॉपी-पेस्टने विचाराची सवय मोडली, उसनवारी सोपी केली आणि लेखन उथळ केले, असे शिक्षक व संपादक म्हणतात. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जिप्सी ज्यांच्यासाठी घडला ते पाठ्यपुस्तकांचे संपादक होते. कात्री आणि डिंक घेऊन मजकुराचे तुकडे हलवणे हे त्यांच्या व्यवसायातील विचाराचेच काम होते आणि पुनर्रचना सोपी झाल्याने तो विचार वाढला, घटला नाही. दोष शोधायचा तर तो कराराच्या एका अटीत सापडतो: मजकूर पोचतो, पण तो कोठून आला हे पोचत नाही. टेड नेल्सन यांनी झॅनाडू या आपल्या प्रकल्पात १९६०च्या दशकापासून आग्रह धरला तो नेमका याचाच, की उद्धृत तुकड्याचे त्याच्या मूळ स्थानाशी असलेले नाते तुटता कामा नये. रूढ कट-पेस्टवर त्यांनी सातत्याने कठोर टीका केली. तांत्रिक अडचण फारशी नाही हेही लक्षात घेण्याजोगे आहे. विंडोजवर वेबपानाचा मजकूर ज्या रूपात क्लिपबोर्डवर मांडला जातो, त्यात मूळ पानाचा पत्ता नोंदवण्यासाठी जागा राखलेली आहे. देणारा पत्ता देऊ शकतो. तो मागून घेणे आणि जपणे हे घेणाऱ्याच्या रचनाकारांनी ठरवायचे आहे.

निष्कर्ष: अटी कोण ठरवणार?

कॉपी-पेस्ट हा कप्पा मानला की तिच्याविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही. ती बिघडली तर यंत्राला आणि तिचा गैरवापर झाला तर माणसाला दोष देऊन मोकळे होता येते. ती करार मानली की प्रश्न नेमके होतात. कोणते रूप देऊ केले, कोणते मागितले, मध्ये काय गळले आणि ते गळू देण्याचा निर्णय कोणी घेतला, हे विचारता येते.

मराठीपुरते बोलायचे तर या प्रश्नांचे उत्तर निकडीचे आहे. जुन्या फॉन्टांतील पुस्तके, अहवाल आणि नियतकालिके युनिकोडमध्ये आणताना, किंवा सरकारी पीडीएफ प्रसिद्ध होताना, त्या मजकुराची प्रत निर्दोष निघते की नाही ही कसोटी छपाई शुद्ध आहे की नाही या कसोटीइतकीच सक्तीची मानली पाहिजे. कारण ज्या मजकुराची शुद्ध प्रत घेता येत नाही, तो शोधता येत नाही, अंधांसाठी वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला नीट वाचता येत नाही आणि पुढच्या अभ्यासकाला उद्धृतही करता येत नाही. संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमांत कोणत्या दोन कळा दाबायच्या एवढेच शिकवून थांबण्याऐवजी, एकच परिच्छेद दोन प्रोग्रॅममध्ये पेस्ट करून काय उरले आणि काय गेले हे विद्यार्थ्याला पाहायला लावले, तर एका तासात त्याला संकेतांक, मांडणी आणि स्रोत यांतील भेद समजेल. मराठी प्रोग्रॅम आणि फॉन्ट घडवणाऱ्यांनी आपण काय देऊ करतो आणि काय मागतो हे जाहीरपणे सांगावे, आणि मजकुराबरोबर त्याचा पत्ता जपणे ही सोय न मानता जबाबदारी मानावी. निवड, घोषणा आणि मागणी यांची आजची रीत माणसांनी पन्नासएक वर्षांत बसवलेली आहे. तिच्यात मराठी वाचकाच्या आणि लेखकाच्या गरजेची अट घालणे हे काम मराठी समाजाने स्वतःच हाती घेतले पाहिजे.